नवजात बाळाच्या मेंदूचा एमआरआय आणि गुंगीचं औषध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआरआयच्या आधी संमतीपत्रक समोर येतं आणि त्यावर ‘गुंगी’ हा शब्द दिसला की आई-बाबांचा चेहरा उतरतो. तपासणीत काय निघेल ही भीती मागे पडते, औषधाची पुढे येते. नवजात शिशू विभागात काम करताना हे प्रश्न मला लिफ्टपाशी विचारले गेलेत, जिन्यात विचारले गेलेत, रात्री दोन वाजता बाळाच्या पेटीशेजारीही. निवासी डॉक्टर तेच विचारतात, फक्त शब्द वेगळे. म्हणून उत्तरं दोघांसाठी एकत्रच दिली आहेत. डोस मात्र मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते बाळाचं वजन, वय आणि आजार पाहून ठरतात.

एमआरआयसाठी बाळाला गुंगी द्यावीच लागते का?

नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या बऱ्याच बाळांचा मेंदूचा एमआरआय एकही थेंब औषध न देता होतो. पोटभर दूध, घट्ट गुंडाळलेलं दुपटं, बंद केलेले कान आणि थोडा धीर, एवढ्यावर भागतं. या वयात निसर्गच आपल्या बाजूने असतो, कारण बाळ दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपेतच घालवतं. मोठ्या मुलाला ही सवलत नाही. दोन वर्षांच्या मुलाला दूध पाजून त्या बोगद्यात झोपवून दाखवा!

म्हणून ‘कोणतं औषध?’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘औषधाशिवाय प्रयत्न केला का?’ हा असतो, आणि तो आई-बाबांनीही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.

एवढं स्थिर राहण्याची गरज काय? सोनोग्राफी किंवा सिटी स्कॅन करून भागत नाही का?

कधीकधी भागतं. टाळू उघडी असल्यामुळे त्या खिडकीतून सोनोग्राफी करता येते. ती पेटीतच होते, बाळ हललं तरी चालतं. मेंदूच्या पोकळ्यांतला रक्तस्राव किंवा साचलेलं पाणी पाहायला ती उत्तम. सिटी स्कॅन काही सेकंदांत उरकतो, त्यामुळे त्यालाही गुंगी सहसा लागत नाही, पण त्यात क्ष-किरण असतात.

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला किती इजा झाली, हे मात्र एमआरआयइतकं नीट दुसरी कोणतीच तपासणी दाखवत नाही. त्यात वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा एकामागून एक घेतल्या जातात, प्रत्येकीला काही मिनिटं लागतात, आणि सगळं मिळून अर्धा-पाऊण तास जातो. एखाद्या मालिकेच्या मध्येच बाळाने मान वळवली की ती पूर्ण मालिका धूसर येते. फोटोत हललेला एकच माणूस अंधुक दिसतो. इथे तसं होत नाही, सगळं चित्रच बिघडतं.

दूध पाजून झोपवून एमआरआय करायचा, म्हणजे नेमकं काय करतात?

ही पद्धत ऐकायला सोपी वाटते आणि घाईत केली की हमखास फसते. सगळी कला क्रमात आहे.

आधीचं दूध थोडं पुढे ढकलतात, म्हणजे बाळ भुकेलं असतं. पाजण्याआधीच जी जी कामं बाळाला उठवतील ती आटोपून घ्यायची: लंगोट बदलणं, वजन, शिरेत सुई लावायची असल्यास ती, अंगावरच्या धातूच्या वस्तू काढणं. झबल्याची टिचबटणंसुद्धा. कानांचं संरक्षणही आधीच चढवायचं, कारण झोपलेल्या बाळाच्या कानाला हात लावला की ते टक्क जागं होतं. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. त्यामुळे कानात मऊ बोळे आणि वरून चिकटणारी गादीदार झाकणं, असं दुहेरी आवरण चांगलं.

मग यंत्राच्या शेजारच्या खोलीतच पाजायचं. तिसऱ्या मजल्यावर पाजून तळमजल्यावर आणलेलं बाळ वाटेत उठतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ढकलगाडी निघायच्या आधी यंत्र मोकळं आहे ना, हे स्वतः फोन करून विचारते. पोट भरलं, ढेकर निघाली की दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळायचं. अनेक ठिकाणी त्यावरून निर्वात गादी वापरतात. तिच्यात बारीक मणी असतात आणि हवा ओढून घेतली की ती बाळाच्या आकाराची घट्ट होते. छाती मात्र दाबली जाता कामा नये, पोट श्वासाबरोबर हलताना दिसलं पाहिजे. दिवे मंद करायचे आणि बाळ गाढ झोपेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं.

तंत्रज्ञाशी आधी बोलून ठेवण्याची आणखी एक गोष्ट: सर्वांत गरजेची प्रतिमा सर्वांत आधी घ्यायची आणि सर्वांत कर्कश मालिका शेवटी. बाळ विसाव्या मिनिटाला उठलं तरी निदानापुरतं हाती आलेलं असतं.

आणि बाळ उठलंच तर लगेच औषध देऊन काम पूर्ण करता येतं का?

इथे एक पेच आहे आणि तो अनुभवी डॉक्टरांनाही चकवतो. दूध पाजून झोपवणं आणि उपाशी ठेवून खोल गुंगी देणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. भरल्या पोटी खोल गुंगी दिली तर दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. भूल देण्याआधीच्या उपवासाचे अमेरिकेतले प्रचलित नियम आईच्या दुधासाठी ४ तास, वरच्या दुधासाठी ६ तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी २ तास सांगतात. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी २०२२ मध्ये हीच मुदत अनुक्रमे ३, ४ आणि १ तासावर आणली.

म्हणजे पाजून झोपवण्याचा प्रयत्न फसला, तर भूलतज्ज्ञ त्याच घटकेला मदतीला येऊ शकत नाहीत. पुन्हा कुशीत घेऊन झोपवून बघायचं किंवा वेळ बदलून घ्यायची. ‘आता आणलंच आहे तर करून टाका’ हा आग्रह घरच्यांकडूनही येतो आणि कधी वरिष्ठांकडूनही. तो मोडून काढावा. तपासणी उद्या होऊ शकते.

एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. जन्मतः गुदमरलेल्या बाळात ठरावीक मुदतीतच खरं चित्र दिसतं. ७२ तासांचे थंड उपचार, म्हणजे मेंदू वाचवण्यासाठी बाळाचं अंग मुद्दाम थंड ठेवणं, संपल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी एमआरआय करतात. पहिला आठवडा उलटला की विसरण-प्रतिमा, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र, खोटंच ‘ठीक’ दिसू लागतं. अशा वेळी एका दिवसाचं पुढे ढकलणं परवडतं, पाच दिवसांचं नाही.

औषध द्यायचंच ठरलं, तर निवड कशावर होते?

नातेवाईक विचारतात, ‘औषध स्ट्राँग आहे का?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. नवजात बाळाच्या बाबतीत जोर दुय्यम. ते औषध अंगात किती वेळ रेंगाळतं आणि त्या वेळात बाळावर कोणाची नजर असणार, हे आधी पाहायचं. यकृतातली औषधं मोडणारी विकरं अजून पुरती जागी झालेली नसतात, मूत्रपिंडं अर्ध्या ताकदीने चालतात. मोठ्या माणसात दोन-तीन तासांत उतरणारं औषध इथे अर्धा दिवस बसून राहतं.

त्यानंतर बाळाकडे बघायचं. श्वास स्वतःचा आहे की व्हेंटिलेटरचा? मधूनच श्वास थांबतो का? हृदयाचे ठोके आधीच मंद आहेत का? कावीळ आहे? झटके येतात? कोणती औषधं आधीच चालू आहेत? एकाच खोलीतल्या दोन बाळांना एकाच तपासणीसाठी वेगवेगळी औषधं मिळाली तर त्यात घोटाळा नाही.

क्लोरल हायड्रेट किंवा ट्रायक्लोफॉसचं सिरप इतकं जुनं आहे, मग ते सुरक्षितच असणार ना?

जुनं आहे खरं. क्लोरल हायड्रेट युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३२ मध्ये बनवलं आणि ऑस्कर लीब्राइख यांनी १८६९ मध्ये झोपेसाठी वापरात आणलं. ट्रायक्लोफॉस त्याचाच चवीला बरा असलेला भाऊबंद. पोटात गेल्यावर दोघांचंही ट्रायक्लोरोइथेनॉल होतं आणि गुंगी त्याचीच येते.

लोकप्रियतेचं कारण सोपं आहे: तोंडाने देता येतं, सुई लागत नाही, झोप बऱ्यापैकी खात्रीची. पण या ट्रायक्लोरोइथेनॉलचं निम्मं प्रमाण उतरायला लहान मुलांत सुमारे १० तास लागतात, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात त्याच्या अडीच-तीन पट, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर ४० तासांच्या आसपास. म्हणजे तपासणी सोमवारी झाली तरी औषध मंगळवारी अंगात असतं. बाळ दूध ओढायला आळस करतं, मान लटकी राहते, मधूनच श्वास थांबतो. पुन्हा पुन्हा दिलं तर साचत जातं आणि बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, वाढवू शकतं, म्हणून कावीळ असलेल्या बाळात मी ते टाळते. यावर उताराही नाही.

एकदाच, मोजून, पूर्ण दिवसांच्या आणि रुग्णालयातच राहणार असलेल्या बाळाला दिलं तर ते अजूनही उपयोगाचं आहे. ‘सिरपच आहे’ म्हणून घरून पाजून आणायला सांगणं मात्र सर्वस्वी चूक. गुंगी येईल तेव्हा बाळ वाटेत असेल, आणि तिथे प्राणवायूही नसेल, तो देणारंही कोणी नसेल.

मिडाझोलामबद्दल मतं इतकी वेगवेगळी का?

कारण ते मोठ्या मुलांत छान वागतं आणि नवजात बाळांत हट्टीपणा करतं. शिरेतून किंवा नाकातून देता येतं, पटकन लागू होतं. नाकात मात्र चांगलंच झोंबतं, आणि झोपवायला दिलेल्या औषधाने बाळ आधी किंचाळतं. श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक असेल तर जास्तच. काही बाळांत, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, हातापायांना झटक्यांसारखे हिसके येतात. ते खरे झटके की औषधाचे, हे ठरवताना सगळ्यांची तारांबळ उडते, आणि एमआरआय तर राहूनच जातो.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या ६७ अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मिडाझोलामच्या गटात मेंदूच्या गंभीर गुंतागुंती मॉर्फिनच्या गटापेक्षा जास्त आढळल्या. ते सतत चालू ठेवलेलं औषध होतं, एमआरआयपुरता एक डोस नव्हे, हा फरक विसरू नये. तरी या अभ्यासामुळे नवजात विभागांचा हात आखडला, आणि ते योग्यच झालं.

उतारा आहे, फ्लुमाझेनिल. पण त्याचा परिणाम मिडाझोलामच्या आधी संपतो, म्हणजे बाळ पुन्हा गुंगीत जाऊ शकतं. शिवाय झटक्यांच्या बाळात तो झटके उसळवू शकतो. निवासी डॉक्टरांसाठी आणखी एक: कुपीवर परिरक्षक म्हणून बेन्झिल अल्कोहोल आहे का ते वाचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच रसायनाने छोट्या बाळांचे जीव गेले होते.

डेक्समेडेटोमिडीन सध्या फार ऐकू येतं. ते खरंच चांगलं आहे का?

माझं मत त्याच्या बाजूने झुकतं, हे आधीच सांगते. त्याने येणारी गुंगी नैसर्गिक गाढ झोपेच्या जवळची असते आणि श्वासाची प्रेरणा बरीचशी शाबूत राहते. एमआरआयला नेमकं हेच हवं असतं, कारण तपासणी दुखत नाही, फक्त झोप हवी. शिरेतून देता येतं आणि नाकात फवारूनही. नाकातून दिल्यावर वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं. ते झोंबत नाही.

त्याची खोड हृदयाशी आहे. ठोके मंदावतात, रक्तदाब वर-खाली होतो. थंड उपचारांत असलेल्या किंवा नुकत्याच त्यातून बाहेर आलेल्या बाळाचे ठोके आधीच संथ असतात, तिथे जपून. पूर्ण दिवसांच्या बाळात निम्मं औषध उतरायला तीन तासांच्या आसपास लागतात, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याच्या दुपटीहून जास्त. माणसांत वापरायचा उताराही नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ च्या अखेरीस मुलांतल्या अशा न दुखणाऱ्या तपासण्यांसाठी त्याला मान्यता दिली, पण वयाची अट १ महिन्यापासून पुढे आहे. म्हणजे पहिल्या महिन्यात ते वापरणारा डॉक्टर परवान्याच्या चौकटीबाहेर, स्वतःच्या अनुभवावर वापरत असतो. नवजात विभागात असं बऱ्याच औषधांबाबत करावं लागतं. आई-बाबांना ते सांगायला हवं, एवढंच.

बाळाला झटक्यांसाठी फिनोबार्बिटोन चालू आहे. वेगळी गुंगी लागेल?

बहुधा नाही. पहिल्या आठवड्यात या औषधाचं निम्मं प्रमाण उतरायलाच चार-चार दिवस जातात, त्यामुळे बाळ आधीच सुस्त असतं. दूध आणि दुपटं पुरतं. त्यावर दुसरं गुंगीचं औषध चढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

प्रोपोफॉल, केटामीन किंवा वायूने दिलेली पूर्ण भूल?

ही भूलतज्ज्ञांची हत्यारं, त्यांच्याच हातात शोभतात. प्रोपोफॉल क्षणात झोपवतं, पण नवजात बाळाचा रक्तदाब असा काही पाडतं की मोठ्यांवरचा अनुभव इथे कामाला येत नाही. पहिल्या काही दिवसांत शरीर ते काढूनही हळू टाकतं. केटामीनने लाळ वाढते आणि हातपाय हलत राहतात, म्हणजे ज्यासाठी दिलं तेच हुकलं. श्वासमार्ग अवघड असेल, हृदयाचा मोठा दोष असेल किंवा तपासणी फार लांब असेल, तर नळी घालून सेव्होफ्लुरेनची भूल देणं हा अर्धवट गुंगीपेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग ठरतो. अर्धवट गुंगीत श्वासमार्ग कोणाच्याच ताब्यात नसतो.

साखरेचं पाणी, मेलाटोनिन, सर्दीचं सिरप?

साखरेच्या पाण्याचे काही थेंब सुई टोचताना वेदना कमी करतात आणि बाळाला शांत करतात, पण त्यांना झोपेचं औषध समजू नये. मेलाटोनिन निरुपद्रवी वाटतं, पण ऐन वेळी भरवशाचं नाही. सर्दीच्या सिरपात प्रोमेथाझिन असू शकतं. दोन वर्षांखालच्या मुलांत ते देऊ नये, त्याने श्वास बंद पडून मृत्यू झालेले आहेत. घरातलं काहीही नको.

या औषधांनी मेंदूची वाढ खुंटते असं वाचलं. खरं काय?

हा प्रश्न दोन ओळींत निपटणारा नाही. २००३ मध्ये सात दिवसांच्या उंदरांच्या पिलांना मिडाझोलाम आणि नायट्रस ऑक्साइड व आयसोफ्लुरेन हे भुलीचे वायू सहा तास दिल्यावर मेंदूतल्या पेशी मोठ्या प्रमाणात मरताना दिसल्या, आणि पुढे त्यांच्या शिकण्यावरही परिणाम दिसला. तिथून ही काळजी घराघरात पोचली. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की तीन वर्षांखालच्या मुलांत तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेली भूल आणि गुंगी मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकते.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या ७२२ तान्ह्या बाळांचा अनेक देशांत मिळून अभ्यास झाला. निम्म्यांना सेव्होफ्लुरेनची भूल, साधारण तासाभराची. बाकीच्यांना जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पाच वर्षांच्या वयाला दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

सहा तास भूल दिलेलं उंदराचं पिलू आणि चाळीस मिनिटं झोपवलेलं तुमचं बाळ यांची तुलना होत नाही. पण एमआरआय करायला निघालेल्या बाळाचा मेंदू बहुतेकदा आधीच दुखावलेला असतो, आणि त्या अभ्यासातली बाळं तशी नव्हती. म्हणून मी घाबरवत नाही, आणि निश्चिंतही होत नाही. औषधाविना जमत असेल तर औषध नको, आणि लागलंच तर एकच, एकदाच.

बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे. काही वेगळं?

हो. अशा बाळांना तसेही श्वास थांबण्याचे झटके येतात आणि गुंगीने ते वाढतात. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेलं वय ६० आठवड्यांच्या आत असेल, तर गुंगी किंवा भुलीनंतर किमान रात्रभर देखरेखीखाली ठेवणं अनेक ठिकाणी पाळलं जातं. बरं एवढंच की त्यांचा एमआरआय बहुधा पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास करतात आणि तोवर ती दूध पिऊन मस्त झोपायला शिकलेली असतात.

यंत्राच्या आत बाळाकडे लक्ष कोण ठेवतं?

गुंगी दिली असो वा नसो, बाळाच्या पायाला प्राणवायूची पातळी मोजणारी एमआरआयसाठीची खास पट्टी असते. साधी वायर चालत नाही, यंत्रात ती तापून कातडी भाजू शकते. गुंगीत असल्यास ठोके, रक्तदाब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही पाहतात. प्राणवायूची पातळी उशिरा उतरते, श्वास थांबल्याचं कार्बन डायऑक्साइडची रेघ आधी सांगते. खोली थंड असते, म्हणून तापमान आधी आणि नंतर तपासतात. बाळाचा श्वास हाताने चालवता येईल अशी एक व्यक्ती पूर्ण वेळ हजर हवी, आणि तिला त्या वेळात दुसरं कुठलंही काम नसावं. ‘कोण असणार?’ असं विचारल्यावर नाव घेऊन उत्तर मिळालं पाहिजे.

औषध पाजलं आणि बाळाने ओकून टाकलं. पुन्हा द्यायचं का?

किती आत गेलं ते कोणालाच कळत नाही. पुन्हा पूर्ण डोस दिला तर दीडपट-दुप्पट होण्याचा धोका. थांबायचं, बघायचं. उलटीने दमलेलं बाळ कित्येकदा आपसूक झोपी जातं.

घरी कधी नेता येईल?

औषधाशिवाय झाला असेल तर लगेच. औषध दिलं असेल तर बाळ आपणहून जागं व्हायला हवं, नीट दूध ओढायला हवं आणि हवेवर, म्हणजे जादा प्राणवायूशिवाय, त्याची पातळी टिकायला हवी. लांब रेंगाळणारं औषध असेल तर रात्रभर मुक्काम. गाडीत बाळाला खुर्चीसारख्या आसनात बसवलं तर मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. गुंगी उतरत असलेल्या बाळांचे असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून वाटेत एक मोठं माणूस शेजारी बसून सतत बाळाकडे बघत राहिलं पाहिजे, आणि ते माणूस गाडी चालवणारं नसावं. घरी पोचल्यावर पुढची दोन-तीन दुधं उठवून पाजा. बाळ उठतच नसेल, ओठ निळसर दिसले किंवा श्वास घेताना घुरघुर आली, तर फोनवर विचारत बसू नका, थेट परत आणा.